आधी मीटर, मग पाना: १९६९ च्या कॅमेरोची घरगुती निगा

जुनी अमेरिकन मसल कार मिस मारायला लागली की मालकाची नजर पहिल्यांदा कार्बोरेटरकडे जाते. बोनेट उघडलं की मधोमध तोच बसलेला असतो आणि त्याचे दोन-चार स्क्रू बाहेरून फिरवता येतात. मग थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि शेवटी नवाकोरा कार्बोरेटर. गाडी मात्र तशीच. कारण बिघाड असतो डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) झाकणाखाली, सीबी पॉइंटच्या (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या स्विचच्या) झिजलेल्या टाचेत, आणि तो काढायला एक फिलर गेज आणि पंधरा मिनिटं पुरतात. कार्बोरेटरचे बहुतेक आजार इग्निशनचे निघतात, असा मेकॅनिकांमधला जुना विनोद आहे. विनोद असला तरी खोटा नाही.

खालचे आकडे १९६९ च्या शेव्हरोले कॅमेरो एसएसचे आहेत: ३५० घनइंची (५.७ लिटर) व्ही-८ इंजिन, १०.२५ कॉम्प्रेशन रेशो, रोचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर. हे स्मॉल-ब्लॉक घराणं १९५५ साली २६५ घनइंचांपासून सुरू झालं, त्यामुळे शेव्हेल, नोव्हा किंवा त्या काळच्या पिकअपलाही यातलं बरंचसं लागू पडतं. फोर्डच्या २८९ घनइंची इंजिनाला तत्त्व तेच, पण आकडे वेगळे. त्याची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-४-२-६-३-७-८ आणि डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. शेव्हरोलेची १-८-४-३-६-५-७-२ आणि रोटर घड्याळाच्या दिशेने. एकीचे आकडे दुसरीला लावू नका. आणि पुढे ‘डावी बाजू’ म्हटलं की ती ड्रायव्हरची समजा, स्टिअरिंग डावीकडे आहे. डाव्या बाजूला सिलिंडर १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८.

मोजायची हत्यारं सहा: मल्टिमीटर, फिलर गेज, ड्वेल मीटर, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज, कॉम्प्रेशन गेज. सगळी मिळून नव्या कार्बोरेटरपेक्षा स्वस्त पडतात. तपासायचा क्रमही ठरलेला ठेवा: आधी बॅटरी आणि अर्थ, मग कॉम्प्रेशन, मग पॉइंट, मग टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी आहे. टायमिंग चुकीचं असताना कार्बोरेटर जुळवला, तर टायमिंग बरोबर केल्यावर तो परत बिघडणार.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. ती ठीक असूनही स्टार्टर कण्हत फिरत असेल तर लगेच नवा स्टार्टर आणू नका. कॉइलच्या प्लसची वायर काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवा (वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर), दुसरी इंजिन ब्लॉकवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवं. इंजिनपासून फायरवॉलला जाणारी विणलेली अर्थची पट्टी बघायला विसरू नका, कारण इंजिन बाहेर काढून परत बसवताना ती हमखास राहून जाते. ती नसली की करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, आणि ती वाट कधीकधी ॲक्सिलरेटरची केबल किंवा स्पीडोमीटरची केबल असते. गाडी नव्याने रंगवून आली की दिवे मंद होणं, मीटरचे काटे नाचणं हेही सुरू होतं. अर्थच्या प्रत्येक स्क्रूखाली नवा रंग बसलेला असतो. व्होल्टेज रेग्युलेटर या गाडीत आल्टरनेटरच्या बाहेर, रेडिएटरशेजारी पत्र्यावर बसतो आणि अर्थ त्याच स्क्रूमधून घेतो. १५००-२००० आरपीएमवर चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टमध्ये नसेल तर आधी त्या स्क्रूखालचा रंग खरवडा.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, आठही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच झटके. चांगल्या इंजिनात १५० पीएसआयच्या आसपास येतं, पण आकड्यापेक्षा आठांमधला फरक महत्त्वाचा: सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्याच्या ७५ टक्क्यांखाली नको. एखादा सिलिंडर मागे पडला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ३ आणि ५, किंवा ४ आणि ६, अशी शेजारची जोडी एकदम खाली असेल तर संशय गॅस्केटवर घ्या. या हेडमध्ये मधले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून आहेत आणि सगळ्यात जास्त उष्णता तिथेच साठते.

टॅपेट (म्हणजेच लिफ्टर) हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे गॅप नसतो, दाब असतो. १ नंबर फायरिंगच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणा. या स्थितीत एक्झॉस्ट १, ३, ४, ८ आणि इनटेक १, २, ५, ७ जुळवायचे. पुशरॉड बोटांत धरून फिरवत नट आवळत जा. वरखालची ढिलाई जिथे संपते तो शून्य बिंदू, तिथून पुस्तकाप्रमाणे एक पूर्ण फेरा. मग क्रँक एक पूर्ण वळसा फिरवून एक्झॉस्ट २, ५, ६, ७ आणि इनटेक ३, ४, ६, ८. चूक होते ती शून्य ओळखताना. पुशरॉड फिरायला जड होईपर्यंत थांबलात तर लिफ्टरची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि वर एक फेरा दिला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.

आता पॉइंट. बजाज स्कूटर किंवा कुर्ल्यात बनलेली पद्मिनी ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना यात नवं काही नाही, फक्त पद्मिनीतल्या चारऐवजी इथे कॅमवर आठ उंचवटे आहेत. झाकण काढायला स्क्रू ड्रायव्हरने आकडे खाली दाबून फिरवायचे. रोटर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि त्याखालची एक खुंटी चौकोनी, एक गोल असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. कुणी जबरदस्ती केली तर मात्र बसतो आणि फुटतो. रोटरखालीच ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा दिसतात. ती बोटाने बाहेर ओढून सोडा, झटकन परत आली पाहिजेत. गंजून चिकटली असतील तर गाडी पिकअप घेणार नाही, आणि शिव्या कार्बोरेटर खाणार.

नवे पॉइंट १९ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वापरलेले १६ थाऊवर. टाच उंचवट्याच्या बरोबर टोकावर असताना फिलर गेज मध्ये घालायचं, पान किंचित घासत सरकलं पाहिजे. वापरलेल्या पॉइंटमध्ये गेज फसवतं. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ झालेलं असतं, आणि सपाट पान टेंगळावर टेकतं. म्हणून पॉइंट जुने झाले की गेज बाजूला ठेवा आणि ड्वेल मीटर लावा. आठ उंचवट्यांमध्ये प्रत्येकी ४५ अंश असतात, त्यातले ३० अंश पॉइंट मिटलेले राहिले पाहिजेत, हाच ड्वेल. दोन अंश इकडेतिकडे चालतं. जनरल मोटर्सच्या या डिस्ट्रिब्युटरची खरी गंमत म्हणजे झाकणावरची छोटी पत्र्याची खिडकी. ती वर उचला, १/८ इंची ॲलन की आत घाला आणि इंजिन चालू असतानाच ड्वेल जुळवा. रस्त्यात मीटर नसेल तर की घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा, इंजिन मिस मारायला लागलं की तिथून अर्धा फेरा मागे या. ही कंपनीचीच पद्धत आहे आणि कामापुरती अचूक आहे.

टाच झिजते म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मे घोटाळे तिथेच आहेत. टाच झिजली की गॅप कमी होतो. पॉइंट लवकर मिटतात आणि उशिरा उघडतात. स्पार्क पॉइंट उघडताना पडतो, म्हणजे टायमिंग मागे सरकतं. ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग साधारण एक अंश रिटार्ड. महिनोन्‌महिने हे इतक्या हळू होतं की चालवणाऱ्याला कळत नाही. गाडी ‘जड’ झाली, गरम व्हायला लागली, पेट्रोल जास्त पिते, एवढंच जाणवतं. टाच झिजू नये म्हणून नव्या पॉइंटसोबत येणारं ग्रीस कॅमवर काडीच्या टोकाएवढंच लावा. जास्त लावलं तर गरम झाल्यावर ते उडून पॉइंटवर बसतं आणि पॉइंट जळतात. पॉइंट निळे पडले असतील तर कॉइलला जास्त व्होल्टेज मिळतंय. चावीपासून कॉइलपर्यंतची वायर साधी तांब्याची नसून रेझिस्टन्सची असते. चावी ऑन, पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइलच्या प्लसवर ६-७ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. तिथे पूर्ण १२ दिसले तर कुणीतरी ‘सुधारणा’ म्हणून ती वायर बदलली आहे.

याच वायरीमुळे होणारे दोन बिघाड ओळखायला सोपे आहेत. स्टार्टर फिरत असताना कॉइलला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज वेगळ्या वायरने मिळतं, स्टार्टर सोलेनॉइडच्या ‘आर’ टर्मिनलवरून. चावी धरून ठेवली की इंजिन पकडतं आणि सोडली की मरतं, तर रेझिस्टन्स वायर तुटली. उलट, स्टार्टर फिरताना काहीच नाही आणि चावी सोडता सोडता एकदम पकडतं, तर ‘आर’ची वायर गेली.

एक तपासणी फुकटात होते. ड्वेल आयडलला बघा, मग १५०० आरपीएमवर बघा. तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश झिजले आहेत, आता कितीही जुळवा. अशा डिस्ट्रिब्युटरला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्युल लावलं तर ते पुष्कळदा झीज पोटात घालतं. पण त्याला १२ व्होल्ट पूर्ण हवे असतील तर रेझिस्टन्स वायरीवरून देऊ नका. मॉड्युल लावण्यात कमीपणा काही नाही. फक्त ते बंद पडतं तेव्हा सांगून पडत नाही, आणि रस्त्यात घासून चालू करता येत नाही.

प्लगचा गॅप ३५ थाऊ. प्लगच्या वायरी बसवताना ५ आणि ७ नंबर एकमेकींना समांतर चिकटून जाऊ देऊ नका. फायरिंग ऑर्डरमध्ये ५ नंतर लगेच ७ येतो आणि दोन्ही सिलिंडर डाव्या बाजूला शेजारी-शेजारी आहेत. ५ च्या वायरीतला करंट ७ च्या वायरीत उतरला तर ७ नंबर वेळेच्या आधी पेटतो. वायरीत अंतर ठेवा किंवा एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की गळणाऱ्या वायरीवर निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात.

टायमिंग लावण्याआधी खूण खरी आहे का बघा. क्रँकच्या पुढच्या डँपरची बाहेरची रिंग रबरावर चिकटवलेली असते. पन्नास वर्षांत रबर वाळतं, रिंग सरकते, आणि टायमिंग लाइट प्रामाणिकपणे खोटं दाखवतो. शिवाय इतक्या वर्षांत कुणाचं डँपर आणि कुणाची पट्टी एकत्र आली असेल सांगता येत नाही. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा, १ नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. क्रँक हाताने, पान्याने, हळू एका दिशेला फिरवून पिस्टन टेकला की डँपरवर खडूची खूण करा. मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. खरा टीडीसी बरोबर मधोमध. जुनी खूण तिथे नसेल तर डँपर बदला, कारण सरकलेली रिंग उद्या सुटूही शकते.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करा. पुस्तकातलं आयडलचं टायमिंग त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि धूर कमी करण्याच्या नियमांसाठी ठरवलेलं होतं. माझ्या मते आयडलच्या आकड्यापेक्षा ३००० आरपीएमच्या वरचा एकूण आकडा बघावा: ३४ ते ३६ अंश, त्यापुढे नको. तो बसवला की आयडलला ८ ते १२ अंश आपोआप येतात. चढावर पूर्ण पॅडल दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर दोन अंश मागे घ्या. १०.२५ कॉम्प्रेशनला अमेरिकन पंपावरचं ९१-९३ पेट्रोल लागतं. तिथला आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, तर भारतातला रिसर्च ऑक्टेन असतो, म्हणून तिथलं ९१ म्हणजे आपलं ९१ नव्हे, ९५ च्या जवळपास.

टायमिंग लाइटच्या उजेडात खूण स्थिर न राहता थरथरत असेल तर क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन ढिली झाली आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, क्रँक एका दिशेला फिरवून थांबा, मग उलट फिरवा आणि रोटर कधी हलतो ते बघा. क्रँक सहा अंशांपेक्षा जास्त फिरूनही रोटर गप्प असेल तर चेन बदला. वाट बघू नका. त्या काळात आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या ॲल्युमिनियम गिअरला नायलॉनचे दात बसवलेले असत. ते ठिसूळ होऊन तुटतात, तेलाच्या चेंबरमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बंद करतात. नवा सेट घ्याल तो पूर्ण लोखंडी घ्या. चेंबर काढून जाळीही साफ करा, नाहीतर अर्धंच काम झालं.

पेट्रोलच्या बाजूला सगळ्यात आधी रबरी नळ्या. लोखंडी पाइपाच्या मध्ये टाकीजवळ आणि पंपाजवळ रबराचे तुकडे असतात. अमेरिकेत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २०. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ होतं, आतून सोलवटतं. टाकीजवळची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्याने तडा गेला तरी बाहेर थेंब पडत नाही, ती हवा ओढते. गाडी उतारावर बरी आणि चढावर उपाशी. ३/८ इंची, इथेनॉल सोसणारी, एसएई ३० आर ९ छापलेली नळी आणा आणि सगळे तुकडे एकदम बदला.

पंप स्वतः गेला की दोन ठिकाणी गळतो. बाहेर गळला तर दिसतो. डायफ्राम फाटून आत गळला तर पेट्रोल तेलात उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी वाढत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका, पंप आणि तेल दोन्ही बदला. बदलताना एक खोडी ठरलेली. पंपाचा दांडा कॅमवरून खाली येणाऱ्या सुट्या रॉडवर चालतो, आणि पंप काढला की रॉड घसरून खाली येतो. मग एका हाताने रॉड वर, दुसऱ्या हाताने पंप, आणि बोल्ट लावायला तिसरा हात नाही. त्यावर सोय ब्लॉकमध्येच आहे. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, उजवीकडे, रॉडच्या रेषेत एक छोटा बोल्ट आहे. तो काढून त्या जागी ३/८-१६ आट्यांचा लांब बोल्ट नुसत्या बोटांनी रॉडला टेकेपर्यंत फिरवा. रॉड वर धरलेला राहतो. पान्याने आवळलात तर रॉड खराब होईल. आणि पंप बसला की लांब बोल्ट काढून जुना आखूड परत लावायचा, त्याआधी इंजिनला हात लावायचा नाही.

इतकं झाल्यावर क्वाड्राजेट. पुढचे दोन घसे लहान, मागचे दोन प्रचंड. नीट जुळला तर शहरात कमी पितो आणि पॅडल दाबलं की गरजतो. पेट्रोल ज्या मोठ्या नटातून आत येतं, त्याच्या मागे छोटा फिल्टर आणि स्प्रिंग असते. नट धरायला १ इंची पाना आणि पाइपाच्या टोकाला ५/८ चा फ्लेअर पाना, दोन्ही एकाच वेळी लावा. एकानेच ओढलंत तर पाइप पिळतो. कार्बोरेटरचा धातू नरम आहे, आटे जातात, मग तिथून थेंब गरम मॅनिफोल्डवर पडतात, आणि त्यानंतर काय होतं ते सांगायला नको.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मिनिटभर स्टार्टर मारावा लागतो? फ्लोट चेंबर रिकामा होतोय. गरम इंजिनवर इथेनॉलचं पेट्रोल उडून जातं हे एक कारण. क्वाड्राजेटचं खास कारण म्हणजे तळाशी ठोकून बसवलेले छोटे धातूचे प्लग, जे वयाने पाझरतात. कार्बोरेटर काढा, पेट्रोल भरलेल्या अवस्थेत वर्तमानपत्रावर तासभर ठेवा. प्लगच्या खाली ओले ठिपके उमटले तर तळ खरवडून, ॲसिटोनने पुसून, पेट्रोल सोसणारं दोन भागांचं इपॉक्सी भरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. त्याच वेळी फ्लोट बघा. जुना काळा फोमसारखा फ्लोट वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो, खाली बुडतो, आणि चेंबर ओव्हरफ्लो होतो. नख दाबून ओल आली की फेकून द्या.

दाबल्या दाबल्या गाडी क्षणभर गुदमरत असेल तर इंजिन बंद करून आत बघत थ्रॉटल हलवा. पॅडलच्या पहिल्या हालचालीबरोबर दोन सरळ धारा पडल्या पाहिजेत. उशिरा पडल्या किंवा थेंब पडले तर कार्बोरेटरच्या आतल्या ॲक्सिलरेटर पंपाचा कप गेला. आयडलचे दोन स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या (जोर दिला तर सुईला खाच पडते), मग अडीच फेरे बाहेर, आणि व्हॅक्यूम गेज लावून काटा जिथे सगळ्यात वर जातो तिथे थांबा. मूळ कॅम असेल तर १७ ते २१ इंचांत स्थिर काटा दिसायला हवा. स्क्रू पूर्ण आत नेले तरी इंजिनला फरक पडत नसेल, तर थ्रॉटलच्या पट्ट्या गरजेपेक्षा उघड्या आहेत किंवा कुठून तरी हवा शिरतेय. पहिलं बहुतेक कमी टायमिंगमुळे होतं: आयडल टिकवायला कुणीतरी थ्रॉटलचा स्क्रू आवळत नेलेला असतो. म्हणून क्रम.

तेलाकडे वळू. फिल्टर धरून ५ क्वार्ट, म्हणजे ४.७ लिटर. या इंजिनचे लिफ्टर सपाट तळाचे आहेत, कॅमवर घासत चालतात, आणि त्यांना झिंकचं संरक्षण लागतं. आजच्या साध्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं. डब्यावर १००० ते १२०० पीपीएम झिंक लिहिलेलं तेल बघा. कॅम नवा टाकला असेल तर पहिली २० मिनिटं इंजिन २००० ते २५०० आरपीएमवरच, आयडलला अजिबात नाही, कारण आयडलला कॅमवर तेल कमी उडतं. गरम इंजिनला प्रत्येक १००० आरपीएममागे १० पीएसआय प्रेशर हा ढोबळ हिशेब पुरे.

मागून तेल गळतंय म्हणून क्रँकचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवण्याआधी वर हात घालून बघा. इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेखाली बोट फिरवलं आणि ते तेलाने माखून आलं, तर गळती वरून आहे आणि ओघळून खाली दिसतेय. सेटमधली कडेची कॉर्क किंवा रबराची पट्टी फेका, तिथे ६ मिलिमीटर जाड सिलिकॉनची सलग रेघ ओढा. इनटेकचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, ३० फूट-पाउंडपर्यंत.

गाडी गरम होते, ही तक्रार अर्धी असते. कधी गरम होते ते सांगा. सिग्नलला होत असेल तर हवेचा प्रश्न: फॅन क्लच, फॅनभोवतीचं आवरण, किंवा व्हॅक्यूम ॲडव्हान्सची निघालेली नळी. हायवेला होत असेल तर पाण्याचा: चोंदलेला रेडिएटर, किंवा आत स्प्रिंग नसल्याने वेगात चपटी होणारी खालची होज. १५ पीएसआयचं झाकण बदलायला सगळ्यात स्वस्त, म्हणून तिथून सुरुवात करा. गरम असताना उघडू नका.

ब्रेक शेवटी लिहिले, पण काम पहिलं त्यांचं. गाडी चालू करणं दुय्यम, थांबणं आधी. स्टँड लावल्याशिवाय नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. प्रत्येक ड्रममध्ये दोन शूंपैकी आखूड लायनरचा पुढे, लांब लायनरचा मागे. उलटे लागले तर गाडी थांबते पण मनासारखी नाही, आणि लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात. एकच चाक गरम होत असेल तर त्याची रबरी होज आतून सुजली असेल: पाय दाबल्यावर तेल आत जातं, सोडल्यावर परत येत नाही. ब्लीडर (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर चाक मोकळं झालं नाही, आणि होजच्या वरचा जोड सैल करूनही तसंच राहिलं, तर दोष होजचा नाही, चाकातल्या ब्रेकचाच आहे. ब्लीडर उघडल्यावर सुटलं आणि फक्त वरचा जोड सैल केल्यावर सुटलं नाही, तर होज. ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. पुढच्या बेअरिंगचा नट चाक फिरवत १२ फूट-पाउंडला आवळा, सोडा, मग बोटांनी टेकवा आणि पिन बसेल त्या भोकापर्यंत मागेच घ्या, पुढे नाही.

डिकीत एक डबा ठेवा: जुळवलेला पॉइंट सेट, रोटर, १/८ ची ॲलन की, फिलर गेज, पॉलिश पेपर, फूटभर पेट्रोलची नळी आणि दोन क्लॅम्प, फॅन बेल्ट, टेस्ट लॅम्प, अग्निशामक. आणि एक कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेला छोटा डबा). तो मात्र पाकिटातला नवा नको. नवे कंडेन्सर कधीकधी पहिल्याच दिवशी जातात. गाडीतला चालून सिद्ध झालेला काढून डब्यात टाका, आणि नवा गाडीला लावा.